साल

अलेंतेझूत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत,
जिथे पूर्वी बूच तोलायचा काटा टांगलेला असे,
मी आर्मिंदूंना विचारते : हे साल कुठलं?

ते खिडकीबाहेर बघतात.
"झाड बघितल्याशिवाय कसं सांगू?"

मी शून्य लिहिते. मग खोडते.

इथे ओकाची साल सोलून झाली
की उघड्या लाल खोडावर पांढऱ्या रंगात
त्या सालाचा शेवटचा आकडा काढतात,
आणि पुढची नऊ वर्षं कुणी कुऱ्हाड लावत नाही.
आर्मिंदूंना दहाच अक्षरं येतात, शून्य ते नऊ,
तीही खोडांवरून उचललेली.
शाळा? एक हिवाळा.
मग बापाने डुकरांमागे धाडलं.

शंभरातून सात गेले?
त्र्याण्णव.
त्यातून आणखी सात?
"सातच का? सात वर्षांत काय होतं? काही होत नाही."
आणि आपणहूनच, गुडघ्यावर बोटं आपटत,
एक्क्याण्णव, ब्याऐंशी, त्र्याहत्तर, चौसष्ट, पंचावन्न,
उतारावर सुटलेल्या चाकासारखे.
माझ्या कागदावर नवासाठी चौकट नाही.

एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन दाखवते. काढा असेच.
"ही कुंपणं एकमेकांत घुसलीत.
दोघं भाऊ कोर्टात जाणार."
पेन्सिल धरतात अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू धरावं तशी,
आणि न वापरता परत देतात.

मघाचे तीन शब्द आठवतात?
"लिंबू. किल्ली."
मग हसून, डोळे बारीक करून,
"तिसरा तुझ्याकडेच राहू दे, पोरी, तुला लागेल."

मीही हसले. अर्धा गुण दिला, जो देता येत नाही.
माझ्या आईने जन्मभर अंगठाच उठवला,
त्यामुळे असेल,
या खोलीत काटा नसला तरी पारड्याला
माझं बोट लागलं.
न शिकलेल्यांसाठी रेघ तशीही खाली ओढलेली असते.
आर्मिंदू रेघेच्या वर राहिले, दोन गुणांनी.
मला केवढा आनंद झाला.

बाहेर बाकावर फेलिस्मीना.
तिला सांगितलं, काळजी नको,
शाळेचा प्रश्न आहे, डोक्याचा नाही.

ती काही बोलली नाही.
पिशवीतून कांदे काढून बाकावर ठेवले,
कांद्यांखालून वर्तमानपत्राचं पुडकं,
पुडक्यात सालीचा एक तुकडा.
नऊ वर्षांची साल दोन बोटं जाड भरते.
ही माझ्या नखाएवढी.

"विहिरीजवळचं झाड," ती म्हणाली.
"खोडावर एक होता. त्यानेच काढलेला.
तीनच वर्षं झाली होती.
खालचं कातडंसुद्धा ओरबाडून आलं.
पन्नास वर्षांत त्याच्या कुऱ्हाडीचा घाव
कधी खोल गेला नव्हता."

मी म्हटलं, चूक होते कधी कधी. वय झालं.

"चुकीचं नाही म्हणत मी.
सोलून झाल्यावर त्याने रंगाचा डबा आणला,
ब्रश बुडवला, आणि उभा राहिला.
खूप वेळ. रंग बुटावर ठिबकत होता.
मग मला हाक मारली :
मीना, आता कुठला आकडा असतो?"

पुडकं तिने पुन्हा बांधलं.
वर कांदे रचले, एकेक.

मी आत गेले. कागद टेबलावर तसाच,
बेरीज खाली गोल करून लिहिलेली.
आर्मिंदू वाकून, बोटाच्या सांध्याने
टेबल ठोकत होते, कान लावून,
साल सुटायला आली की खोड कसं वाजतं
ते ऐकणाऱ्या माणसासारखे.

"नाही," ते म्हणाले. "हे अजून घट्ट आहे.
पुढच्या उन्हाळ्यात बघू."

आणि मग, अगदी अदबीने,
मी कोण, ते विचारलं.